गोधडी शिवणाऱ्या बाईला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या ताईकडून, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच, तेच ते प्रश्न येऊन राहिले म्हणून सगळे एका जागी लिहून काढते. मी आर्वीच्या बाजूला खेड्यात राहते, वर्धा जिल्हा. घरी शेती आहे, कपाशी, तूर, सोयाबीन, आणि वावरातल्या कामातून वेळ निघाला की आम्ही चार-पाच जणी मिळून गोधड्या शिवतो, कधी घरच्यासाठी, कधी ऑर्डरच्या. इथं जे लिहिलं ते आमच्याकडच्या पद्धतीनं आहे, तुमच्या गावात थोडं वेगळं असू शकते.

गोधडीसाठी कापड कोणतं घ्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला पाहिजे आणि लोकं सगळ्यात शेवटी विचारतात. आधी टाका शिकवा म्हणतात. टाका तर आठ दिवसांत हाताला बसते, पण कापड चुकीचं घेतलं तर कितीही सुंदर टाके घाला, ती गोधडी कोणी अंगावर घेत नाही, माळ्यावर जाऊन पडते.

कापड पाहिजे सुती, आणि वापरून वापरून मऊ झालेलं. जुनं लुगडं, धोतर, सुती पातळ, उपरणं, पलंगावरची जुनी चादर, घरात घालायचे सुती गाऊन, लेकरांचे लहान झालेले फ्रॉक. जीन्स नको, सुई मोडते आणि तेवढाच भाग दगड होऊन बसते. शाळेचे युनिफॉर्म बहुतेक टेरीकॉटचे असतात, तेही नको.

साडी उलगडली की आधी उजेडात धरून पाहायची. बसायचा भाग आणि पायाजवळचा काठ आधी विरतो, पदराकडचं कापड बहुतेक शाबूत राहते. मग शाबूत भाग वरून आणि खालून लावायचा, विरलेला मधल्या थरात. विरलेला म्हणून फेकायचा नाही, मऊपणा त्याच्यातूनच येते. फक्त हातानं उलसं ओढलं आणि टरकन फाटलं असं कापड मधे पण घालू नका, धुतलं की आतल्या आत त्याचे गोळे होतात.

साडी सुती आहे की नाही हे कसं ओळखायचं?

दुकानदारावर आणि लेबलवर जाऊ नका. काठाजवळून एक धागा उपटा, चुलीजवळ किंवा अंगणात न्या आणि काडीनं पेटवा. सुती असला तर सरळ जळत जातो, कागदाचा वास येते, राख भुरी आणि बोटात चोळली की नाहीशी. पॉलिस्टर असला तर आधी आकसतो, मग वितळतो, आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. राख बी आणि मणी बी दिसला तर मिक्स आहे. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे वेगवेगळे जाळून पाहा, कारण पुष्कळदा एक सुती आणि दुसरा नकली असतो.

आमच्या घरी तर सगळ्या सिंथेटिक साड्याच आहेत, मग?

हे दुखणं आता घरोघरी आहे आणि मला याचं खरंच वाईट वाटते. आमच्या भागात सगळीकडे कपाशी, यवतमाळला लोकं कॉटन सिटी म्हणतात, नागपूरला १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तीच या कापसाच्या भरवशावर, आणि आज त्याच कपाशीत वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगावर नायलॉनची साडी असते, कारण ती स्वस्त पडते आणि लवकर वाळते. तिचा काही दोष नाही. पण सुती लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या जसजशा कमी झाल्या तसतसं गोधडीचं कापड बी गावातून कमी झालं, म्हणून कोणाच्या घरी जुनं लुगडं असेल तर ते बोहारणीला भांड्यावर देण्याआधी एकदा थांबा एवढंच म्हणते.

सिंथेटिक साडीची गोधडी होत नाही असं नाही. दिसायला चमकते, वर्षानुवर्षं फाटत नाही. पण घाम शोषत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, रात्री अंगणात बाजेवर झोपायचं तर ती पाठीला चिकटते. थंडीत सरकत राहते. म्हणून अंगाला लागणारे दोन्ही थर सुतीच ठेवा.

सुती कुठून आणायचं, तर पहिली जागा तुमचीच पेटी. हळदीकुंकवात, लग्नात, डोहाळजेवणात ओटीत आलेले ब्लाऊजपीस उघडून पाहा, सगळे नाही पण बरेच सुती निघतात, त्याचे चौकोन मस्त होतात. दुसरं, टेलरकडची कतरन, ती किलोवर मिळते, फक्त निवडून घ्यावी लागते. तिसरं, खालच्या थराला मांजरपाट, म्हणजे कोरं साधं सुती कापड, नागपूरला गांधीबागेत किंवा जिल्ह्याच्या गावी कापड दुकानात. मांजरपाट आटतो, त्याला रात्रभर भिजवून, धुवून, वाळवूनच कापा. आणि थोडे पैसे घालायची तयारी असेल तर खादी. आमचा तर जिल्हाच खादीचा, १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, तिथं गेलात तर झाडपाल्याच्या रंगातली खादी हातात घेऊन पाहा, लेकराच्या दुपट्याला त्यासारखं कापड नाही.

माप काय धरायचं आणि थर किती?

एका नववारीची पूर्ण लांबी साधारण सव्वाआठ मीटर. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले आणि एकावर एक ठेवले की एका माणसाची चार पदरी गोधडी तयार, जोड लावायचं कामच नाही. रुंदी सव्वा मीटरच्या आतच राहते पण एकट्याला पुरते. दोघांसाठी करायची असेल तर दोन साड्या काठाला काठ जोडून घ्याव्या लागतात.

पांघरायला तीन-चार थर पुष्कळ झाले. अंथरायची असेल तर सहा-सात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते तेव्हा लोकं आठ-नऊ थरांची मागतात, पण ती हातानं शिवताना सुई वर काढायला पक्कड घ्यावी लागते आणि धुताना दोन माणसं. त्यापेक्षा चार पदरी दोन करा आणि एकावर एक घ्या, मी सगळ्यांना हेच सांगते, दोन थरांच्या मधल्या हवेनं ऊब बी जास्त राहते.

आणखी एक. टाके पडले की गोधडी चारी बाजूंनी आत ओढली जाते, मोठ्या गोधडीत दोन-चार इंच तर सहज जातात. कापतानाच तेवढं जास्त धरा.

घरचा कापूस असताना कापूस भरून का नाही शिवत?

हे शहरातली मंडळी हमखास विचारतात. बोंडातून वेचलेला कापूस तसाच भरता येत नाही, त्यात सरकी असते. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. मग रुई पिंजून घ्यावी लागते, आणि गावोगाव फिरणारा पिंजारी आता क्वचित दिसतो. बरं भरलीच, तर धुता येत नाही, पाणी लागलं की रुईचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतात. भरलेली ती रजाई, तिला वर्षातून एकदा उन्हं दाखवायची. गोधडी दर महिन्याला धुवा, काही होत नाही. लेकरांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरी गोधडीच कामाची.

थर लावताना चुण्या पडतात, काय करावं?

सगळं काम इथंच आहे ताई. चुणी टाका घालताना पडत नाही, ती अंथरतानाच पडलेली असते, आपल्याला नंतर दिसते.

आम्ही सकाळी लवकर बसतो, वारा सुटायच्या आत. सपाट जागा पाहिजे, सारवलेली ओसरी किंवा फरशी, गच्ची तापली की नको. खालचं कापड उलटं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाटे-वरवंटे काहीही जड ठेवायचं. मग एकेक थर. प्रत्येक थराला दोघींनी समोरासमोर धरून हवेत एकदा झटकायचा आणि सोडायचा, आणि तळहातानं मधून कडेकडे सारत न्यायचा. कडेकडून मधे कधीच नाही. ओढून ताणून बसवायचं पण नाही, ताणलेलं कापड सोडलं की परत जागेवर येते आणि खालचं वर फुगते. उभे धागे सगळ्या थरांचे एकाच दिशेला पाहिजेत, काठ पाहून लावले की समजते.

सगळे थर बसले की कच्चे टाके. मोठी सुई, लांब दोरा, चार-चार बोटांचे टाके, आधी मधोमध उभा, मग आडवा, मग कोपऱ्याकडे तिरपे, मग कडा. हे कंटाळवाणं वाटते म्हणून नवीन मुली नुसत्या टाचण्या लावतात. टाचण्या निघतात, टोचतात, आणि एखादी आतच राहिली तर लेकराच्या अंगात जाते. कच्चा दोरा घालाच, आणि तो वेगळ्या भडक रंगाचा घ्या म्हणजे शेवटी उसवताना चटकन दिसतो.

टाका केवढा घ्यायचा? ओळी किती अंतरावर?

धावदोरा, बस. दुसरा कोणता टाका लागत नाही. वरून तांदळाच्या दाण्याएवढा दिसला की झालं, खाली थोडा लहान आला तरी चालते. ओळीत दोन बोटांचं अंतर. अंतर जास्त ठेवलं तर काम लवकर उरकते पण धुतल्यावर मधलं कापड सुटं पडते आणि लेकरांचे पाय त्यात अडकून फाटते. सुती दोरा घ्या, मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की गुंता होत नाही. हातभर दोरा पुरे, त्याहून लांब घेतला तर नेढ्यापाशी घासून घासून तुटतो. गाठ वर ठेवायची नाही, दोन थरांच्या मधे ओढून घ्यायची.

ज्या बाया कापूस वेचतात त्यांच्यासाठी खास सांगते. वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटांची कातडी निघते, नखांच्या कडा कातरतात, आणि मग दोरा त्या कातरलेल्या कातडीत अडकतो, सुती कापडाचे धागे ओढले जातात. रात्री खोबरेल लावून झोपा, शिवताना मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाला. आम्ही तर मोठं काम वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून झाल्यावरच काढतो, तोवर हात बी बरे होतात आणि दुपारी बी मोकळ्या मिळतात.

मशीनवर शिवली तर ती गोधडी नाही का?

आहे की. कोणी नाही म्हणत असेल तर त्याच्याकडं लक्ष देऊ नका. ज्यांचे डोळे, बोटं साथ देत नाहीत त्यांनी काय शिवायचंच नाही का. चौकोन जोडायचं काम मी पण मशीनवरच करते, पक्कं होते आणि वेळ वाचतो.

थर शिवताना मात्र साधी १४ नंबरची सुई चालत नाही, १६ किंवा १८ ची लावा, टाका सगळ्यात मोठा, सुईजवळच्या मशीनच्या पायाचा दाब कमी, आणि सुरुवात मधून करून बाहेर जा. मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि खालचा दाते ओढतात, म्हणून कडेकडून सुरू केलं तर शेवटी वर पिशवी तयार होते. हातानं शिवलेली धुता धुता आणखी मऊ पडते, मशीनची थोडी ताठ राहते. माझं मत विचाराल तर जोड मशीनवर, टाके हातावर.

मैत्रिणी मिळून शिवायची तर कशी जमवता? आमच्याकडे तर कोणी येतच नाही.

नुसतं या म्हणून कोणी येत नाही, सगळ्यांना घर आहे, वावर आहे. आमचा हिशोब सोपा आहे, आज माझ्या घरची गोधडी तर पुढची तुझ्या घरची, ज्या घरची गोधडी त्या घरचा चहा आणि दोरा. पैशाची देवाणघेवाण नाही. ऑर्डरची असली तर मात्र आधीच बोलून वाटे ठरवायचे, नंतर बोललं की मन कडू होते, मैत्री राहत नाही.

बसायला बी रीत आहे. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे टाके घेते. दोघी समोरासमोर बसल्या की एकीची ओळ इकडे सरकते आणि दुसरीची तिकडे, कापडाला पीळ बसतो. आमच्यात एक वहिनी डावखुरी आहे, तिला मी मुद्दाम माझ्या समोर बसवते, मग दोघींच्या ओळी एकाच अंगाला जातात आणि गोधडी सपाट येते. तिच्या माहेरी सगळे तिला डाव्या हातावरून बोलायचे म्हणे, आमच्याकडे तिच्याशिवाय मोठी गोधडी अंथरत पण नाही.

सगळ्यांचा टाका सारखा येत नाही हे मान्य करूनच बसायचं. एकीचा मोठा असेल तर तिला कापायला, कच्चा दोरा घालायला, काठ दुमडायला द्या. तिच्या पाठीमागं तिचे टाके उसवून दुसऱ्यांदा घालायचे नाही, हे आमच्यात पक्कं ठरलेलं आहे. गप्पा तर होतातच, कोणाची सून, कोणाची सोयरीक, कापसाला भाव काय, कोणाच्या पोटात दुखते आणि दवाखान्यात कोण नेईल, हे सगळं तिथंच ठरते. नव्या सुना पहिल्यांदा गोधडीवर येऊन बसतात तेव्हा बोलत नाहीत, शेजारची काकू तिला म्हणते, "काहून वं, सुईत दोरा जात नाही का, आण इकडे," आणि मग हळूहळू पोरगी मोकळी होते.

गेलेल्या माणसाचे कपडे लावले तर चालते का?

घराघरात वेगळी रीत आहे. काही घरी सगळे कपडे देऊन टाकतात, काही घरी एखादं लुगडं जपून ठेवतात. तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारा, मी कोणाला जोर करत नाही. पण अशा गोधड्या आमच्याकडे पुष्कळ येतात, आणि मला त्या शिवायला आवडते.

एक ताई वडलांचं धोतर आणि दोन बंड्या घेऊन आली. एका बंडीच्या खिशावर चुन्याचा पांढरा डाग होता, तंबाखू-चुन्याची डबी ठेवायचे ते, किती धुतली तरी डाग गेला नव्हता. ती म्हणाली खिसा काढू नका. मग आम्ही तो बंडीचा तुकडा खिशासकट वरच्या थरात कोपऱ्याला घेतला, टाके खिशाच्या कडेकडेनं फिरवले, खिशाचं तोंड मोकळं राहू दिलं. आता तिचं लेकरू त्या खिशात हात घालून झोपते.

असे कपडे आणाल तेव्हा सांगून ठेवा कोणता तुकडा वर पाहिजे, कोणता डाग, कोणतं ठिगळ तसंच ठेवायचं. आम्ही आपल्या मनानं कापून टाकलं तर ते परत येत नाही.

बाळंतिणीसाठी दुपटं कसं करावं?

तीन फूट बाय तीन फूट, दोन किंवा तीन थर, सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ कापड. बटण, टिकल्या, जरीचा काठ काही नाही. रंग जाणारं कापड अजिबात नको, ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा, डाग उठला तर बाजूला ठेवा. एकदम चार-पाच करून ठेवा, पावसाळ्यात वाळत नाहीत.

पाहुण्यांसमोर गोधडी काढायची लाज वाटते असं सासूबाई म्हणतात...

म्हणू द्या, त्यांच्या काळात गोधडी म्हणजे गरिबी असंच लोकं बोलायचे, त्यांनी ते ऐकलं आहे. पण आपण अमरावतीच्या गाडगेबाबांना मानतो ना? १८७६ साली शेंडगावला जन्मलेला माणूस, आयुष्यभर चिंध्या जोडलेला अंगरखा घालून हिंडला, हातात झाडू, डोक्यावर गाडगं, लोकं त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, शाळा उभ्या केल्या, अंगावर मात्र चिंध्याच ठेवल्या. मग स्वच्छ धुतलेल्या गोधडीची आपल्याला लाज कशाची. सासूबाईंच्याच जुन्या लुगड्याची एक शिवून त्यांना द्या, मग पाहा.

पोळ्याची झूल शिवून देता का?

हो, पण श्रावण लागायच्या आधी सांगा. मोठ्या बैलाची झूल जड कापडाची, तिला आतून पोतं किंवा जुनी सतरंजी लावतो. तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या लाकडी बैलांच्या छोट्या झुली लागतात, त्या तर आम्ही उरलेल्या चिंध्यांच्याच करतो, बोटभर तुकडा बी वाया जात नाही. गावातल्या लेकरांना तशाच देतो, त्याचे पैसे घेत नाही.

धुवायची कशी, ठेवायची कशी?

टबात कोमट पाणी, थोडी साबणाची पावडर नाहीतर रिठा, तासभर भिजवा, पायानं तुडवा. ब्रश मारू नका, टाके तुटतात. पिळताना एकटीनं पिळू नका, ओली गोधडी फार जड होते, कंबर धरते. दोरीवर एका टोकावर लटकवली तर आकार जातो, बाजेवर पसरून वाळवा आणि रंगीत बाजू खाली ठेवा, आमच्या उन्हात रंग लवकर उडतो.

पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा. खरा दुश्मन कापड खाणारी कसर नाही, उंदीर आहे. ज्या खोलीत तूर, सोयाबीनचे कट्टे ठेवता तिथं गोधड्यांचा ढीग ठेवू नका, उंदीर धान्य खातो आणि घर गोधडीत करतो.

किंमत किती सांगायची? लोकं म्हणतात जुन्याच कपड्याची तर आहे.

कपडा जुना आहे, हात जुने-फुकटचे नाहीत. गावात निंदणाची जी रोजी चालू आहे ती धरा, गोधडीला किती दिवस लागले ते मोजा, दोरा, मांजरपाट, चहा-पाणी त्यात घाला, आणि तो आकडा मान खाली न घालता सांगा. चार पदरी एकटीनं हातानं शिवायची तर घरचं करून पंधरा दिवस ते महिना जातो. गिऱ्हाईकानं आपलं कापड आणलं तर फक्त मजुरी घ्या. ओळखीचं आहे, जाऊ द्या, असं करत करत आमच्या कितीतरी बायांनी वर्षानुवर्षं फुकट शिवलं. बहिणीला, भाचीला प्रेमानं द्या, पण विकायची ती विकायच्या भावानंच.

बचत गटातून विकत असाल तर उमेद, म्हणजे बचत गटांचं सरकारी अभियान, त्याच्या लोकांना विचारून ठेवा, जिल्ह्याचे प्रदर्शन असतात, मुंबईला महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं मोठं प्रदर्शन भरते. तिथं नेताना लहान दुपटी आणि एकेरी गोधड्या जास्त न्या, मोठी गोधडी पाहतात सगळे, पण उचलून ट्रेननं न्यायची म्हटलं की मागं सरकतात.

माझ्या आईनं अर्धी शिवून ठेवलेली गोधडी आहे, पूर्ण करून द्याल का?

देऊ. आईचे टाके आम्ही उसवत नाही, जिथं तिची ओळ थांबली तिथून पुढे घेतो, दोरा जमेल तेवढा त्याच रंगाचा लावतो. आमचा टाका वेगळा दिसेल हे आधीच सांगून ठेवते. पाठवायच्या आधी नुसती उन्हात घाला, धुवू नका, कच्चे टाके असले तर थर सरकतात. आणि हात फिरवून नीट पाहा, अशा गोधडीत पुष्कळदा सुई टोचून ठेवलेली असते, ती काढून कागदाच्या पुडीत वेगळी द्या, आम्ही त्याच सुईनं शिवतो.